ठरलं होतं काय, झालं काय? : गटाच्या तिमाही आढाव्याबद्दल

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

स्वयंपाक आवरला असेल, कुणी भाजी निवडत असाल, कुणी अजून शेतातच असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. मी बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. आज बोलायचं आहे ते गटाच्या एका बैठकीबद्दल. ही बैठक बऱ्याच गटांत होतच नाही, आणि जिथं होते तिथं बहुतेक वेळा भांडणात संपते.

आपण वर्षात चार वेळा तरी काहीतरी ठरवतो. एप्रिलमध्ये ठरवतो की या तीन महिन्यांत सगळ्यांची बचत वाढवू. दिवाळीआधी ठरवतो की फराळाची ऑर्डर घेऊ. बँकेचं कर्ज आलं की ठरवतो, एकही हप्ता चुकवायचा नाही. इतिवृत्तात ठराव लिहिला जातो, सह्या-अंगठे होतात, चहा होतो. तीन महिने संपतात. मग त्या ठरावाचं काय झालं, हे विचारायला कुणी बसत नाही. आणि बसलंच तर पहिला प्रश्न येतो, "कुणामुळं राहिलं?" हा प्रश्न आला की समजा बैठक संपली. पुढं होतं ते भांडण.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आमची तर दर आठवड्याला बैठक होते. बरोबर आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशोब, ही पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. बँकही आपल्याला त्यावरच जोखते. पण आठवड्याची बैठक असते वसुलीची. कुणी भरले, कुणाचे राहिले, कुणाला कर्ज हवं, एवढ्यात तास जातो. आपण ठरवलेलं मुळात बरोबर होतं का, हा प्रश्न त्या बैठकीत मावत नाही. त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो.

शेतात आपण हे करतोच की. ज्वारी काढली की चांगली कणसं बाजूला काढून ठेवतो, पुढच्या वर्षीच्या बियाण्याला. कोणत्या तुकड्यात पाणी साचलं, कुठं दाट पेरलं गेलं, हे काढणीच्या वेळीच लक्षात ठेवतो, कारण पुन्हा पेरणी आली की आठवत नाही. गटाचा आढावा म्हणजे तेच काम. मोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या लोकांच्या टीमसुद्धा तीन-तीन महिन्यांची उद्दिष्टं ठरवतात आणि मुदत संपली की बसून मागं वळून बघतात. आपण त्यांच्याहून मागं राहायचं कारण नाही.

पहिली गोष्ट, उद्दिष्ट असं हवं की ते झालं की नाही हे भांडण न करता सांगता येईल. "बचत वाढवू" याचा आढावा घेता येत नाही. "३० जूनपर्यंत बाराही जणींची महिन्याची बचत १०० वरून १५० रुपये करू" याचा घेता येतो. "व्यवसाय सुरू करू" याचा घेता येत नाही. "१५ ऑक्टोबरपर्यंत ६० किलो पापड विकू" याचा येतो. आकडा हवा, तारीख हवी आणि लक्ष कोण ठेवणार तिचं नाव हवं. आणि तीनच उद्दिष्टं घ्या. मी दहा-दहा उद्दिष्टांचे ठराव पाहिलेत. त्यातलं आठवं काय होतं विचारलं तर अध्यक्षताईंनाही आठवत नाही.

दुसरी गोष्ट, बैठक कधी आणि कुठं. तिमाही संपली की आठवड्याभरात घ्या, फार लांबवू नका. पण सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणी ऐन भरात असेल तर चार-आठ दिवस पुढं ढकला. अर्ध्या जणी नसताना घेतलेला आढावा खरा नसतो. जी आली नाही तिच्यावर खापर फोडणं फार सोपं असतं. वेळ दीड तास पुरतो. गोल बसा, सगळ्या खाली किंवा सगळ्या वर. पदाधिकारी खुर्चीत आणि बाकीच्या सतरंजीवर, असं नको. कुणी मागं दाराशी बसत असेल तर तिला गोलात घ्या. ती दाराशी का बसते हे तुम्हालाही माहीत असतं आणि मलाही. जातीचं असो की गरिबीचं असो, ते अंतर या बैठकीत चालणार नाही. बँकेचे साहेब, सरपंच, कुणाचे मालक यांना या बैठकीला बोलावू नका. मी सहयोगिनी आहे, पण पहिला अर्धा तास मीसुद्धा बाहेर थांबते. मी समोर असले की बायका मला बरं वाटेल असं बोलतात.

तिसरी गोष्ट, बैठक चालवायची कुणी? अध्यक्ष आणि सचिव यांनी नको. त्यांच्याच कामाचाही आढावा असतो ना! दर तिमाहीला वेगळी एक जण निवडा. लिहिता-वाचता आलंच पाहिजे असं नाही. तिचं काम दोनच गोष्टींचं. एक, प्रत्येकीला बोलायला मिळालं का ते पाहणं. दोन, कुणी कुणावर घसरलं तर थांबवणं. लिहायचं काम दुसरी करेल.

आता बैठक कशी चालवायची ते सांगते. चार प्रश्न लक्षात ठेवा. काय ठरलं होतं? काय झालं? असं का झालं? पुढं काय बदलायचं? याच क्रमानं जायचं. उडी मारायची नाही.

"काय ठरलं होतं" याला दहा मिनिटं. इतिवृत्ताच्या वहीतला ठराव मोठ्यानं वाचा. आठवणीवर जाऊ नका. प्रत्येकीची आठवण वेगळी असते आणि भांडणाचं पहिलं बी तिथंच पडतं.

"काय झालं" याला वीस मिनिटं. इथं आधी आकडे वाचा, नुसते आकडे. त्यानंतर चिंचोके काढा. हो, चिंचोकेच. प्रत्येकीच्या हातात पाच चिंचोके द्या आणि प्रत्येक उद्दिष्टासाठी एक झाकणाचा डबा ठेवा. हे काम मनासारखं झालं असं वाटलं तर पाचही टाका, अर्धवट वाटलं तर दोन-तीन, काहीच झालं नाही वाटलं तर एकही नको. एका डब्याचे मोजून झाले की पुन्हा वाटा आणि दुसरा डबा घ्या. डबा ओढणीआड किंवा पदराआड ठेवा, म्हणजे कुणी किती टाकले ते दिसत नाही. जिला लिहिता येत नाही तिचंही मत येतं आणि अध्यक्षताईंच्या तोंडाकडं पाहून मत ठरत नाही. सासू आणि सून एकाच गटात असतील तर हा डबा फारच उपयोगी पडतो, हे वेगळं सांगायला नको.

एका गटात सगळ्या म्हणत होत्या की पापडाचं काम झकास झालं. बारा जणींचे मिळून साठ चिंचोके यायला हवे होते. डब्यात निघाले एकतीस. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "विकले खरे, पण हाताला काय लागलं?" हिशोब मांडला. ६० किलो पापड ३०० रुपये किलोनं विकले, म्हणजे १८,००० रुपये आले. उडीद डाळ, पापडखार, मिरी, हिंग, दळण, पिशव्या आणि बाजाराला जायचं भाडं धरून खर्च झाला १२,६००. उरले ५,४००. नऊ जणींनी बारा दिवस, रोज चार तास काम केलं होतं. म्हणजे ४३२ तास. भागाकार केला तर तासाला साडेबारा रुपये पडले. खुरपणीला यापेक्षा कितीतरी जास्त मिळतात! उद्दिष्ट पूर्ण झालं होतं, पण उद्दिष्टच किलोचं होतं, कमाईचं नव्हतं. पुढच्या तिमाहीत त्यांनी ठरवताना किलोऐवजी तासाला किती पडले पाहिजेत ते लिहिलं. मग भाव, दुकानदाराचा वाटा, पिशवीचा खर्च या सगळ्याकडे आपोआप लक्ष गेलं. म्हणून सांगते, जे उद्दिष्ट पूर्ण झालं त्याचाही आढावा घ्या. यशावर कुणी प्रश्न विचारत नाही, आणि तोटा तिथंच लपून बसतो.

तिसरा प्रश्न, "असं का झालं". बैठकीचा जीव इथं आहे, म्हणून याला निम्मा वेळ द्या. नियम एकच. बोलताना माणसाच्या नावानं वाक्य सुरू करायचं नाही, घटनेनं करायचं. "हिनं हप्ता बुडवला" असं नको. "जुलैचा हप्ता आला नाही, त्या महिन्यात काय झालं होतं?" असं हवं. ऐकायला फरक छोटा वाटतो. पण पहिल्या वाक्यावर बाई मान खाली घालते, दुसऱ्यावर तोंड उघडते.

याची एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण त्या गटाचं मोडणं-टिकणं या एका प्रश्नावर आलं होतं. गट बारा जणींचा. त्यातल्या सहा जणींनी शेळीसाठी प्रत्येकी १५,००० रुपये कर्ज घेतलं. परतफेड महिन्याला १,००० रुपये आणि वर व्याज, लगेच पुढच्या महिन्यापासून. उद्दिष्ट लिहिलं, "तीन महिन्यांत सहाही जणींचे सगळे हप्ते वेळेवर." तीन महिन्यांनी पाहिलं तर चौघींचे हप्ते मागंपुढं झाले होते. त्यातल्या एकीचे दोन पूर्ण राहिले होते. ती एकटी बाई, पदरी दोन लेकरं, शेत नाही, मजुरीवर घर. गटात कुजबुज अशी होती की हिला काढून टाका, हिच्यामुळं बँकेत आपलं नाव जाईल. तिनंही मनाशी ठरवलं होतं की शेळी विकून पैसे टाकायचे आणि गट सोडायचा.

आढाव्याला बसल्या. त्या दिवशी बैठक चालवणारी एक वयस्कर मावशी होती, शाळेची पायरी न चढलेली. तिनं विचारलं, "हप्ता कुणी चुकवला ते ऱ्हाऊ द्या. ज्यांनी भरला त्यांनी कुठल्या पैशातून भरला, ते सांगा." सगळ्या गप्प. मग एकेक बोलू लागली. वेळेवर भरणाऱ्या दोघींपैकी एकीच्या घरी दुधाचे पैसे येत होते. दुसरी, जिचं सगळ्या कौतुक करत होत्या, ती खाली पाहून म्हणाली की तिनं खासगी फायनान्सवाल्याकडून जादा व्याजानं कर्ज काढून गटाचा हप्ता भरला होता. घरी माहीत नव्हतं. म्हणजे वहीत जी सगळ्यात चांगली, ती आतून सगळ्यात अडचणीत होती.

मग मावशीनं बोटांवर हिशोब केला. शेळी गाभण राहिली की विते पाच महिन्यांनी. करडू बाजारात न्यायचं तर ते निदान पाच-सहा महिन्यांचं व्हावं लागतं. यांनी शेळ्या घेतल्या होत्या रिकाम्या, गाभण नव्हेत. म्हणजे पहिला पैसा दिसायला दहा-अकरा महिने. आपली उस्मानाबादी शेळी जुळी देते म्हणून चांगली, पण ती काही पहिल्या महिन्यात हप्ता देत नाही. मग आपण हप्ता पहिल्या महिन्यापासून कुणाच्या जिवावर लावला? चूक एका बाईची नव्हती. ठरवतानाच कुणी शेळीला विचारलं नव्हतं!

मैत्रिणींनो, हे कळायला बाहेरून कुणी साहेब यावा लागला नाही. शेळीचे महिने गटातल्या प्रत्येकीला माहीत होते. फक्त ते महिने आणि हप्त्याचे महिने शेजारी-शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते. प्रश्न नीट विचारला की गटातलंच शहाणपण वर येतं.

चौथा प्रश्न, "पुढं काय बदलायचं". इथं दोनच निर्णय घ्या. जास्तीत जास्त तीन. प्रत्येक निर्णयापुढं एका बाईचं नाव आणि तारीख. "सगळ्यांनी लक्ष द्यायचं" असा निर्णय म्हणजे कुणीच लक्ष द्यायचं नाही. त्या शेळीवाल्या गटानं दोन निर्णय घेतले. पहिला असा. बँकेचा हप्ता तर चुकवायचा नाही, पण ज्या चौघींना झेपत नाही त्यांनी दहा महिने पूर्ण होईपर्यंत महिन्याला ३०० रुपये आणि व्याज भरायचं. वरचे ७०० गटाच्या अंतर्गत निधीतून जातील. चौघींचे मिळून महिन्याला २,८०० आणि सात महिन्यांचे १९,६०० होत होते. निधीत ४६,००० होते, म्हणून झेपलं. करडं विकली की त्या पैशातून निधी आधी भरायचा, हेही लिहून घेतलं. दुसरा निर्णय असा की इथून पुढं शेळीसाठी कर्ज द्यायचं ते गाभण शेळीलाच, आणि परतफेडीचा तक्ता करताना विण्याचा आणि विक्रीचा महिना आधी मांडायचा. बकरी ईदच्या आधी बोकडाला भाव चांगला येतो. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येत जाते, म्हणून तारीख कॅलेंडरात बघूनच हिशोब धरायचा.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पुढं एकीचं करडू पावसाळ्यात दगावलं आणि तिची परतफेड रखडली. त्यावर पुढच्या आढाव्यात बोलणं झालं आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस सगळ्या शेळ्यांना टोचून घ्यायची, हे एक नवीन उद्दिष्ट झालं. जी गट सोडणार होती ती आजही गटात आहे. आणि फायनान्सवाल्याचं कर्ज गटानं तिला अंतर्गत कर्ज देऊन फेडायला लावलं.

आता काही नाजूक गोष्टी. बैठकीत बाई घरातलं काही बोलली, नवऱ्याच्या दारूचं, मारहाणीचं, तर ते वहीत लिहायचं नाही आणि विहिरीवरही बोलायचं नाही. वहीत फक्त निर्णय जातात. एकदा जरी आतली गोष्ट बाहेर फुटली तर पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही. तिला मदत हवी असेल तर ती बैठकीनंतर, तिच्या इच्छेनं.

दुसरं. गटाच्या पैशात तूट असेल, वही आणि बँकेचं पासबुक जुळत नसेल, तर ते आढाव्याच्या बैठकीत सोडवू नका. "कुणी केलं" हा प्रश्न तिथं विचारावाच लागतो, आणि त्याची जागा लेखापरीक्षणात आहे. त्यासाठी ग्रामसंघाला कळवा, वही तपासायला द्या. आढावा शिकण्यासाठी आहे. आढाव्याचं नाव घेऊन अफरातफर झाकायची नाही आणि आढाव्याचं नाव घेऊन कुणाला आरोपीही करायचं नाही.

तिसरं. जे आपल्या हातात नव्हतं ते वेगळं काढा. पाऊस लांबला, बाजार बंद राहिला, बँकेनं कर्ज उशिरा दिलं. हे मोजा, पण त्यावर रडत बसू नका. त्यातलं एक निवडा आणि विचारा, हे पुन्हा झालं तर आपण काय करू? पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. गटात तर पुढची आणि मागची दोन्ही आपणच असतो.

आणि शेवटचं, जे बहुतेक गट विसरतात. पुढच्या आढाव्याची सुरुवात मागच्या आढाव्याच्या निर्णयांनी करा. मागं दोन गोष्टी ठरल्या होत्या, त्या केल्या का? हे विचारलं नाही तर दोन-तीन बैठकांत बायकांना कळतं की इथं नुसतं बोलणं होतं, आणि त्या यायच्या बंद होतात. त्यांचं बरोबरच असतं. कामं पडलेली असताना बाई दीड तास देते, तर त्या दीड तासानं काहीतरी बदललं पाहिजे.

तर आता करायचं काय? या आठवड्याच्या बैठकीत इतिवृत्ताची वही उघडा. मागच्या तीन महिन्यांत काय ठरलं होतं ते शोधा. ठरलेलं काही सापडलंच नाही, तर तीन उद्दिष्टं आता लिहा, आकडा, तारीख आणि नावासकट, आणि आढाव्याचा दिवसही आजच ठरवून टाका. सापडलं, तर मूठभर चिंचोके गोळा करा आणि बसा. पहिल्या वेळी बायका कमी बोलतील, चिंचोके जास्त टाकतील. चालेल. दुसऱ्या वेळी बोलतील. बैठक चालवायला मावशींना, काकूंना, आजवर कधीच न बोललेल्या त्या वहिनींना पुढं करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना पुष्कळदा जास्त लक्षात असतं.

पुढच्या वेळी मी गटाच्या अंतर्गत कर्जाच्या तक्त्याबद्दल बोलेन. शेती, शेळी, शिलाई मशीन, दुकान, प्रत्येकाचे हप्ते वेगळे का असावेत आणि ते कसे मांडावेत याबद्दल. तोवर तुमच्या आढाव्यात काय निघालं ते तुमच्या सहयोगिनीला नक्की सांगा.